दानम्माच्या माहेरचा धबधबा

आमच्या घरात दोन सुना. मोठी दानम्मा, धाकटी मी, शिवकांता. माझं माहेर उदगीरातच, सासरपासून दोन गल्ल्या सोडून. आईनं तिकडं मिरचीची फोडणी दिली की मला इकडं ठसका लागायचा. असल्या माहेराचं काय कौतुक सांगणार, अन् ऐकणार कोण? दानम्माअक्काचं माहेर मात्र हिमायतनगर. पार नांदेडच्या पलीकडं, किनवटच्या जंगलाच्या तोंडाशी. तिला कुणी नुसतं विचारावं, "तुमच्याकडं काय हाय वो?" की झालीच सुरू.

"आमच्याकडं सहस्रकुंड हाय. पैनगंगा चालता चालता एकदम दरीत उडी घेते. काळाकुट्ट खडक, अन् त्याच्यावरून हजार धारा पडून राहिल्या. अर्ध्या कोसावर उभं राह्यलं तरी लुगडं भिजतं. शेजारच्याचं बोललेलं ऐकू येत न्हाई. अन् बारा महिने पाणी. उन्हाळ्यात बी आटत न्हाई!"

मी लग्न होऊन आले तेव्हा धारा शंभर होत्या, हे मला पक्कं आठवतं. दरसाल वाढत वाढत हजार झाल्या. दरीचं बी तसंच. आधी दोन पुरुष खोल होती, मग दहा, मग तळच दिसेना. बाई उंच, हाडापेरानं दणकट, अन् आवाज असा की तिनं आतल्या चुलीपासून हाक मारली तर पुढं दुकानात हमाल पोतं खाली ठेवून बघायचे. त्या आवाजात ती धबधबा सांगायची. सांगताना हात असे वर न्यायची अन् धाडकन खाली आणायची.

आमची सासू गंगम्मा. सगळं घर तिला अव्वा म्हणायचं. अव्वा ज्वारी निवडता निवडता ऐकायची अन् म्हणायची, "उचलली जीभ, लावली टाळ्याला." दानम्मा हसायची. तिला राग येत न्हाई, हाच माझा राग होता. खरं सांगते, मी लई जळायचे तिच्यावर. ती "करून राहिली, पडून राहिल्या" असं नांदेडकडचं बोलायची, तर मी तिची नक्कल करून पोरांना हसवायचे. तरी हिचं माहेर वर अन् माझं खाली. काय करणार?

पण एक गोष्ट मला मान्य करावी लागेल. बहात्तरच्या दुष्काळात आमच्या गल्लीतल्या आडात पाणी झिरपून झिरपून यायचं. भर दुपारी पंधरा-वीस बायका घागरी मांडून बसायच्या. एक घागर भरायला अर्धा तास. भांडणं व्हायची, झिंज्या धरायची पाळी यायची. मग कुणीतरी म्हणायचं, "दानम्मा, सांग गं तुझ्या माहेरचं." ही आडाच्या कट्ट्यावर उभी राहून सांगायची. धारा, फेस, तुषार, गारवा, सगळं. बायका गप बसून ऐकायच्या. एक म्हातारी तर पदरानं तोंड पुसायची, तुषार उडाल्यासारखं. मी बी ऐकायचे, मान दुसरीकडं करून.

तर ब्याऐंशी साल उजाडलं. लातूर जिल्हा झाला. आतापर्यंत कसल्याबी कागदाला उस्मानाबाद गाठावं लागायचं, ते आता लातुरात. माझे मोठे दीर वीरण्णा, म्हणजे दानम्माचे मालक, त्यांना तर अंगावर मूठभर मांस चढलं. भुसाराचं दुकान आमचं. भावजी म्हणाले, "आता आपण जिल्ह्याजवळचे. कचेरीत जाणं-येणं राहणार. एस.टी.तून लोंबकळत गेलं तर कोण विचारतंय?" अन् हैदराबादहून जुनी पांढरी अँबेसडर घेऊन आले. गाडीला हार घातला, विभूती लावली, नारळ फोडला. महिनाभर किल्ल्याकडच्या मोकळ्या मैदानात शिकले. गेर टाकायचे तर हट्टी वासरू ओढल्यासारखे ओढायचे.

जिल्हा आला, गाडी आली, पाऊस तेवढा आला न्हाई. नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी, ते बी गढूळ. अशात दिवाळी झाली अन् घरात बोलणं निघालं, गाडीचा पहिला लांबचा प्रवास कुठं करायचा. अव्वा म्हणाली परळीला. भावजी म्हणाले, "परळीला एस.टी. बी जाते. गाडी कशाला घेतली मग?"

आता माझी जीभ. ती काय ताब्यात राहते? मी म्हणाले, "अक्काच्या धबधब्यालाच जाऊ की. हातच्या काकणाला आरसा कशाला!"

सगळ्यांनी दानम्माकडं बघितलं. ती भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. "यंदा नको," ती म्हणाली. "पाऊस झाला न्हाई यंदा."

"का? तू तर म्हणतीस बारा महिने आटत न्हाई!" मी सोडते काय! मांजरानं उंदीर धरावा तशी धरली तिला.

अव्वानं सूप खाली ठेवलं. ती म्हणाली, "जाऊ. कार्तिकातला सोमवार हाय, तिथं महादेवाचं देऊळ बी हाय म्हणती. पण दानम्मा, आत्ताच सांगून ठेवते. बावीस वर्षं ऐकून ऐकून माझे कान किटले. तिथं खडखडाट निघाला, तर या घरात पुन्हा त्या धबधब्याचं नाव काढायचं न्हाई. माहेराचं बी न्हाई."

अव्वाचं बोलणं म्हणजे दगडावरची रेघ. मला वाटलं होतं गंमत होईल. ही गंमत लई महागात पडणार, हे मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं. दानम्मा मान खाली घालून म्हणाली, "बरं अव्वा."

पण नवल बघा. दोन दिवसांत तिचा चेहराच बदलला. लहान पोरीसारखी घरभर नाचायला लागली. कडक भाकऱ्यांची चळत केली, शेंगांची चटणी कुटली, धपाटे केले, दह्याचं गाडगं फडक्यात बांधलं. मधेच थांबून मला विचारायची, "शिवकांता, वाटेत गाडी बिघडणार न्हाई ना गं? पोचू ना आपण?" मी मनात म्हणायचे, हिला तर गाडी बिघडलेलीच बरी. पोचलं की हिची अब्रू जाणार अन् ही बाई नटून राहिली! मला काही तिचा ठाव लागेना.

सोमवारी पहाटे निघालो. पुढं भावजींच्या शेजारी अव्वा, हातात लिंबू, उलटी होऊ नये म्हणून. मागं आम्ही दोघी जावा अन् मधे डबे. माझे मालक दुकान अन् पोरं सांभाळायला मागं राहिले. आता अव्वाचं एक कडक व्रत होतं. गळ्यात चांदीची करडगी, त्यात इष्टलिंग. रोज ते डाव्या तळहातावर घेऊन, पाणी घालून, विभूती अन् बेल वाहून पूजा केल्याशिवाय ती पाण्याचा थेंब तोंडात घालायची न्हाई. आम्हा लिंगायतांत बरेच जण करतात, पण अव्वासारखं कुणी न्हाई. त्या दिवशी तिनं घरी पूजा केली न्हाई. म्हणाली, "आज वाहत्या पाण्यावर करणार. दानम्माच्या हजार धारांवर." अन् असं म्हणून स्वतःची पितळी कळशी भरून, तोंडाला फडकं बांधून पायापाशी ठेवली. आता भरवसा असता तर कळशी कशाला घेतली असती? दानम्मानं ती कळशी बघितली अन् डबे नीट लावायला लागली.

काय सांगू त्या प्रवासाचं! आम्ही बाया कधी असं मोकळं फिरलोच नव्हतो. काच खाली केली की वारा थेट तोंडावर. भावजी दिसेल त्याला हॉर्न द्यायचे. म्हशीला हॉर्न, झाडाला हॉर्न, मुखेडच्या वेशीत तर रिकाम्या रस्त्याला हॉर्न. नांदेडला गोदावरीच्या पुलावर गाडी हळू केली, अव्वानं हात जोडले. पाणी एका कडेला सरकलेलं, पण नदी ती नदीच. दानम्मा खिडकीतून अर्धी बाहेर. मी तिचं लुगडं धरून ठेवलं होतं.

भोकर सोडलं अन् गाडीच्या नाकातून वाफ निघाली. भावजींनी बॉनेट उघडलं अन् घाईघाईत रेडिएटरचं झाकण फिरवलं, तर गरम पाण्याचा फवारा असा उडाला की भावजी धोतर सावरत थेट बांधावर! आम्ही पोट धरून हसलो. मग हसू थांबलं. पाणी घालायचं कुठून? शेजारचा नाला कोरडा, विहीर दिसेना. आमचा कॅन आम्ही वाटेत पिऊन संपवला होता. राहिली अव्वाची कळशी.

भावजी अव्वाकडं बघायची हिंमत करेनात. दानम्मा खाली उतरली, पुढचं दार उघडलं अन् म्हणाली, "अव्वा, कळशी द्या."

"अन् माझी पूजा?"

"तिथं पाणी हाय."

"नसलं तर? मी उपाशी मरू?"

"हाय अव्वा. माझ्या शब्दावर द्या."

सूर्य डोक्यावर आला होता. साठीची म्हातारी, पहाटेपासून पोटात थेंब न्हाई. अव्वानं दानम्माकडं बघितलं अन् कळशी पुढं केली. "घाल. लिंगाच्या पाण्यानं मोटारीला अंघोळ घाल. बघते आता तुझ्या हजार धारा." माझ्या तर पाचावर धारण बसली. मीच लावलेली आग, अन् आता म्हातारीच्या पोटावर आली.

गाडी पुन्हा निघाली. हिमायतनगर आलं. माहेर आलं की बाई कशी होते, ते बायकांना सांगायला नको. दारात थांबून घोटभर पाणी तरी पिणारच. तिचा भाऊ पंचाक्षरी तिथंच राहायचा. भावजींनी विचारलं, "थांबू का?" तर ही म्हणते, "नको! आधी धबधबा. परतताना थांबू." मी चाटच पडले. पाच-पाच वर्षांनी माहेरच्या वेशीतून जायचं अन् थांबायचं न्हाई? मला वाटलं, अव्वाच्या पूजेची काळजी. तेवढंच नव्हतं, ते पुढं कळलं.

मग जंगल सुरू झालं. आम्ही उदगीरची माणसं, आम्हाला झाडं माहीत ती बांधावरची. इथं दोन्ही अंगांनी सागच साग, पानं परातीएवढी. अव्वानं लिंबू खाली ठेवलं अन् म्हणाली, "इतकी झाडं कुणी लावली असतील गं?" भावजींनी हॉर्न देणं बंद केलं होतं. इस्लापूरवरून आत वळलो. धुळीचा रस्ता, खड्डे, डब्यांचा खडखडाट. शेवटी एका झाडाखाली गाडी उभी केली. पुढं रस्ताच नव्हता.

आम्ही उतरलो अन् कान दिला. काहीच नव्हतं. शेजारच्याचं ऐकू येत न्हाई म्हणे! मला लांब कुठं तरी होला घुमत होता तो ऐकू आला.

खाकी सदऱ्यातला एक माणूस पुढं आला. जंगलखात्याचा वॉचमन, शेषेराव नाव. "यंदा उगंच आलात बगा. पाऊस न्हाई झाला. एक धार पडून राहिली फकस्त. भादव्यात आला असता तर पाहण्यासारखं होतं." मग दानम्माकडं बघून, "कुठल्या तुम्ही?"

भावजीच म्हणाले, "हिमायतनगरची लेक हाय ही. इथलीच."

"मंग बाई तुम्हाला ठाव असंलच. शिवरातीला येत असताल. देवळाच्या मागून यायचं सोडून या अंगानं कसं आला?"

दानम्मानं पदर डोक्यावर ओढला. अव्वा गाडीला टेकून उभी होती, ओठ सुकलेले. म्हणाली, "नाव मोठं अन् लक्षण खोटं. एक धार! अन् मी कळशी मोटारीत ओतली." त्या आवाजात राग बी नव्हता, नुसता थकवा. तो मला रागापेक्षा जास्त लागला.

दानम्मा चालायला लागली. कुणाला काही न सांगता, तरातरा, खडकावरून. मी मागं पळाले. खरं सांगू? आधी वाटलं हिचं तोंड बघावं. मग वाटलं ही कडेला जाऊन काही भलतंच न करो. खडक काळा, उन्हानं तापलेला, जागोजागी रांजणासारखी भोकं पडलेली. पाच-पन्नास पावलं गेलो अन् पुढची जमीनच संपली.

आई गं! मी मटकन खाली बसले. केवढी दरी ती! काळे खडक पायऱ्या-पायऱ्यांनी खाली, खाली, खाली गेलेले. तळाशी हिरवंगार पाणी. पारवे उडत होते, अन् ते आमच्या पायाखाली. पाखराची पाठ वरून दिसते कधी? मी जन्मात पहिल्यांदा बघितली. समोरून एकच धार, पण ती पांढरीशुभ्र, त्या एवढ्या काळ्या खडकावरून सुटलेली, अन् खाली पडून तिचा आवाज दरीत घुमत होता. काठावर आल्याशिवाय तो ऐकूच येत नव्हता. हजार धारा नव्हत्या, बरंच झालं. पाण्यानं झाकलं असतं तर ही दरी दिसली असती का? मला हसू फुटत होतं, ओरडावंसं वाटत होतं.

माझ्या शेजारी दानम्मा उभी. दोन्ही हात गालावर. डोळे हे एवढे. अन् ती हळू, अगदी हळू म्हणाली, "अगं बाई... एवढं खोल असतंय व्हय!"

मी मान वर करून तिच्याकडं बघितलं.

"असतंय व्हय?" मी म्हणाले. "अक्का, तू..."

ती दचकली. मला तिचा चेहरा अजून आठवतो. चोरी करताना धरल्यासारखा. तिनं कधी पाह्यलाच नव्हता तो! बावीस वर्षं सांगत होती, आडावर उभी राहून सांगत होती, अन् आयुष्यात पहिल्यांदा बघत होती. मला एका क्षणात सगळं कळलं. माहेरी का थांबली न्हाई ते. पंचाक्षरीनं एका शब्दात पितळ उघडं पाडलं असतं. इतका आनंद कशाचा झाला होता ते बी कळलं. अब्रू गेली तर गेली, पण तिला बघायचा होता.

"बाबा भावांना न्यायचे शिवरातीला," ती भराभरा बोलली. "पोरीबाळींना न्हाई. दरी हाय, गर्दी हाय, म्हणायचे. मी रडायचे. बाबा आले की त्यांचं धोतर ओलं असायचं, ते मी पिळायचे. मग पंधराव्या वर्षी लग्नच लावलं. शिवकांता, तुझ्या पाया पडते..."

तेवढ्यात मागून अव्वाचा आवाज. भावजींचा हात धरून ती खडकावरून येत होती. "काय म्हणाली गं ती? काय एवढं खोल?"

बघा, बारा वर्षं मी या घडीची वाट बघत होते. एक शब्द बोलले असते तर दानम्मा संपली होती. अन् माझी जीभ, जी कधी माझं ऐकत न्हाई, तिनं त्या दिवशी शहाणपणा केला. मी म्हणाले, "अव्वा, अक्का म्हणतीय, ती ल्हान होती तेव्हा पाणी इथवर यायचं. या दगडापाशी. म्हणून दरी एवढी खोल दिसत नव्हती."

दानम्मानं माझ्याकडं बघितलं. मग तोंड पुसलं अन् तिचा तो आवाज परत आला. "हाव! इथवर! या दगडावर बसून आम्ही पाय धुवायचो!"

बाईला जरा बोट दिलं की झालं. मी मनात म्हणाले, बस कर आता.

अव्वा काठाशी आली. खाली बघितलं अन् तिच्या तोंडून निघालं, "शिव शिव!" अन् दरीतून परत आलं, "शिव शिव!" अव्वानं चमकून आमच्याकडं बघितलं. आम्ही तर तोंड उघडलं नव्हतं. तिनं पुन्हा म्हटलं, जरा मोठ्यानं. दरीनं पुन्हा उत्तर दिलं. मग काय! म्हातारी उपास विसरली, ऊन विसरली. "शिव शिव!" म्हणायची अन् हात कानाला लावून वाट बघायची. भावजींनी बी सुरुवात केली. दानम्मानं तिच्या आवाजात एक हाक दिली तेव्हा तर पारवे उठले सगळे. शेषेराव लांब उभा राहून हसत होता.

त्यानंच आम्हाला वरच्या अंगाला नेलं, जिथं धार खडकावरून सुटते त्याच्या अलीकडं. तिथं गुडघाभर पाणी वाहत होतं, असं नितळ की तळातले खडे मोजावेत. अव्वा पाण्यात पाय सोडून बसली. लिंग तळहातावर घेतलं, दानम्मानं ओंजळीनं पाणी घातलं. दुपारचे तीन वाजले होते. पूजा झाली, अव्वानं पहिला घोट घेतला अन् डोळे मिटले. मग आम्ही कडक भाकरी अन् चटणीवर असे तुटून पडलो की शेषेरावाला दिलेले धपाटे तेवढेच वाचले.

पण अव्वा शब्दाची पक्की. दानम्मानं भीत भीत विचारलं, "अव्वा, खडखडाट तर नव्हता ना?" तर म्हणते, "हजार म्हणाली होतीस, निघाली एक. घरी गेल्यावर बोलू." झालं. पुन्हा टांगणीला.

परतताना हिमायतनगरला थांबावंच लागलं. दिवस कलत आला होता. पंचाक्षरीनं ओसरीवर सतरंजी टाकली, हात जोडून शरणार्थ म्हणाला. त्याची बायको लक्ष्मम्मा चहा घेऊन आली. मी मनातल्या मनात देवाला म्हणत होते, याचं तोंड बंद ठेव. पण देव तरी किती जणांचं ऐकणार?

"कुठून येऊन राहिले?" पंचाक्षरीनं विचारलं.

"सहस्रकुंड," भावजी म्हणाले.

"अरे वा! दाना, पाह्यलंस का एकदाचं?" तो टाळी देऊन हसला. "काय सांगू अव्वा, ल्हानपणी ही रडून रडून घर डोक्यावर घ्यायची, मला बी न्या, मला बी न्या म्हणून. पण बाबांनी हिला कधी नेलंच न्हाई. आज तुमच्या कृपेनं..."

त्याला कळलं न्हाई आपण काय केलं ते. भावजींचा कप तोंडापाशीच राहिला. दानम्मा भिंतीकडं तोंड करून बसली, तिची पाठ हलत होती. मी हळूच अव्वाकडं बघितलं. अव्वा आधी दानम्माकडं बघत होती, मग माझ्याकडं. तो दगड, ते पाय धुणं, सगळं तिच्या डोळ्यात दिसत होतं मला. मी खाली मान घातली.

अव्वानं कप खाली ठेवला. "एकदा बी न्हाई नेलं?"

"न्हाई जी. पोरीची जात, दरीचं काम..."

"पंधरा वर्षं ती तुमच्या घरात होती. वीस मैलांवरचं पाणी तुम्ही तिला दाखवलं न्हाई. अन् ही खुळी बावीस वर्षं माझ्या घरात तुमचंच नाव मोठं करतीय. दुष्काळात माझ्या गल्लीची तहान भागवली हिनं, तुमच्या नावानं!" अव्वाचा आवाज चढला. "तुम्हाला लाज वाटत न्हाई? ऐका पंचाक्षरी. माझ्या सुनेनं तो माझ्या गाडीतून पाह्यला. आजपासून तो धबधबा उदगीरचा. तुमचा काही हक्क राह्यला न्हाई त्याच्यावर. दानम्मा, इकडं बघ. सांग खुशाल, जल्मभर सांग, हजार धारा सांग. कोण आडवतंय बघते मी!"

दानम्मा रडायला लागली, मोठ्यानं, तिच्या त्या आवाजात. मला बी आवरेना. पंचाक्षरी कानकोंडा होऊन सतरंजीचा धागा ओढत बसला.

अन् दारात लक्ष्मम्मा उभी होती, रिकामा ट्रे घेऊन. ती एवढंसं बोलली, "अव्वा, मी बी न्हाई पाह्यला अजून. अठरा वर्षं झाली मला या घरात."

अव्वानं भावजींकडं मान वळवली. "वीरण्णा, गाडीत किती जागा हाय?"

रात्री आम्ही तिथंच राह्यलो. माझे मालक उदगीरात वाट बघत बसले अन् नंतर चिडले, तो भाग वेगळा. दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायला अँबेसडर पुन्हा त्याच रस्त्याला लागली. पुढं भावजी, अव्वा अन् अव्वाच्या मांडीवर लक्ष्मम्माची धाकटी. मागं दानम्मा, लक्ष्मम्मा, तिची थोरली अन् मी, अशा दाटीवाटीत की श्वास पाळीपाळीनं घ्यावा. पंचाक्षरीला जागाच उरली न्हाई. लक्ष्मम्मानं गाडी सुटल्यापासून दानम्माचा हात धरून ठेवला होता. "वन्सं, सांगा ना, कसं हाय? लई धारा हायत का?"

दानम्मानं हात वर नेले, सवयीनं. मग थांबली. अव्वाच्या पाठीकडं बघितलं अन् हात मांडीवर ठेवले. "खरं सांगू का वैनी? धार एकच हाय," ती म्हणाली. "पण लई..."

अव्वा पुढच्या सीटवरून गर्रकन मागं वळली.

"एक कुठली? तीन होत्या चांगल्या! माझ्या डोळ्यानं पाह्यल्या मी."